जीर्णोद्धार नव्हे, रंगसफेदी!

गेल्या हिंवाळ्यांत एका मोठ्या शहरांत जुन्या मोटारींचें व फटफट्यांचें प्रदर्शन भरलें होतें, तें पाहण्याचा योग आम्हांस आला. मैदानावर मांडव, मांडवाखालीं गालिचे, गालिच्यांवर लखलखीत वाहनें आणि वाहनांशेजारीं त्यांचे तितकेच लखलखीत मालक, असा एकंदर थाट होता. फटफट्यांच्या वर्गांत पहिलें बक्षीस एका जावा गाडीस मिळालें. गाडी साठ वर्षांपूर्वींची आहे असें तिच्यापुढें लावलेल्या पाटीवर लिहिलें होतें. परंतु आम्हीं ती दोन वेळां फिरून पाहिली, तेव्हां साठ वर्षांपूर्वींचें असें तींत फारसें कांहीं आमच्या दृष्टीस पडलें नाहीं. टाकीवर आरशासारखा रंग, कारखान्यांत जे भाग केवळ रंगविले जात त्यांवरही क्रोमचा मुलामा, बारा व्होल्टचे दिवे, आणि मूळ कार्ब्युरेटरच्या जागीं दुसऱ्याच कोणत्या तरी गाडीचा नवा कार्ब्युरेटर. मूळचा कोठें आहे, असें आम्हीं मालकांस विचारलें. "तें मेकॅनिकला माहीत," असें म्हणून त्यांनीं दोरीपलीकडे उभ्या असलेल्या एका मनुष्याकडे बोट दाखविलें. त्या मनुष्यास विचारतां तो म्हणाला, "भंगारांत दिला, साहेब. ह्यापेक्षां हा बरा चालतो."

त्याच प्रदर्शनाच्या फाटकाबाहेर, प्रेक्षकांच्या गाड्यांच्या गर्दींत, दुसरी एक जावा उभी होती. रंग विटलेला, बैठकीस ठिगळ, टाकीवरील रबर मालकाच्या गुडघ्यांनीं झिजलेलें. एक निवृत्त गृहस्थ ती चालवीत आले होते. आपण प्रदर्शनांत भाग कां घेतला नाहीं, या आमच्या प्रश्नास त्यांनीं उत्तर दिलें कीं, अर्ज केला होता. परंतु गाडी 'रिस्टोअर' केलेली नसल्यामुळें ती आंत घेतां येत नाहीं असें कळविण्यांत आलें. साठ वर्षांची गाडी साठ वर्षांची दिसते, हा तिचा अपराध ठरला!

बक्षीस मिळविणाऱ्या गृहस्थांस नांवें ठेवणें हा या लेखाचा उद्देश नाहीं. ते सज्जन आहेत, आणि त्यांचा अपराध एके काळीं आम्हींही केलेला आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जुन्या यंत्रांच्या जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं आमच्या सुशिक्षित व सुखवस्तु वर्गांत आज जें चाललें आहे, त्यांतील पुष्कळसा भाग जीर्णोद्धार नसून निव्वळ रंगसफेदी आहे. ती रंगसफेदी जुन्या वस्तूचा उद्धार करीत नाहीं, उलट तिच्या जवळ असलेला शेवटचा पुरावा पुसून टाकिते. आणि तिच्या मुळाशीं आमच्या वर्गाचा एक जुनाच दोष, म्हणजे हातानें काम करण्याची लाज, दडून बसलेला आहे. हीं तीनही विधानें कडक आहेत हें आम्ही जाणून आहों. म्हणून तीं सिद्ध करण्याचा भारही आम्हीच पत्करितों.

प्रथम त्या गाडीविषयीं दोन शब्द. जावा ही मूळची आमच्या देशांतील नव्हे. प्राग शहरांतील फ्रँटिशेक यानेचेक या कारखानदारानें १९२९ सालीं वांडरर या जर्मन कंपनीकडून फटफटी बनविण्याचे हक्क घेतले, आणि दोन्ही नांवांचीं आद्याक्षरें जोडून 'जावा' हें नांव पाडलें. आमच्याकडे ती १९६० नंतर म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या कारखान्यांतून बाहेर पडूं लागली. रुस्तुम व फारुख इराणी हे त्या कंपनीचे संस्थापक. पुढें तीच गाडी येझदी या नांवानें विकली गेली, आणि १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. २०१८ सालीं जावा हें नांव नव्या गाड्यांवर पुन्हां दिसूं लागलें; परंतु नांव परत आलें म्हणून जुनी गाडी परत येते असें नाहीं. ६५ मिलिमीटर व्यासाचें व ७५ मिलिमीटर धांवेचें एकच सिलिंडर, त्यांतून निघालेल्या दोन नळ्या व दोन सायलेन्सर, किक आणि गिअर या दोहोंसाठीं मिळून एकच दांडा, गिअर बदलतांना क्लच आपोआप सुटण्याची सोय, सहा व्होल्टचा मंद दिवा आणि पेट्रोलांतच मिसळलेल्या तेलाचा तो निळसर धूर, इतक्या गोष्टींनीं ती ओळखली जात असे. ज्या घरांत ती आली त्या घराची ती पुष्कळदां पहिली यांत्रिक मालमत्ता होती. सायकलीवरून शाळेंत वा कचेरींत जाणारा मनुष्य तिच्यावर बसून प्रथमच घाट चढला. म्हणून तिचा इतिहास हा आमच्या मध्यम वर्गाच्याच इतिहासाचा एक भाग आहे, आणि तिच्या बाबतींत खोटेपणा करणें म्हणजे आपल्याच चरित्रांत खोटें लिहिणें होय.

आतां आमचा अपराध सांगतों. आमच्या वडिलांनीं १९६७ सालीं पुण्यांत अशीच एक तपकिरी-तांबडी जावा घेतली. ते शाळामास्तर होते. त्यांच्या पश्चात् ती वीस वर्षें आमच्या गॅरेजमध्यें गोणपाटाखालीं पडून होती. दहा वर्षांमागें आम्हांस अकस्मात् पितृभक्तीचा उमाळा आला. आणि आमच्या वर्गास असा उमाळा आला म्हणजे तो जें करितो तेंच आम्हींही केलें. एका नामांकित कारखान्याच्या हातीं गाडी व पैसे सोंपवून आम्ही मोकळे झालों. चार महिन्यांनीं गाडी आली ती नवरीसारखी सजून. टाकीच्या डाव्या अंगास एक पोंचा होता, कात्रजच्या घाटांत वडील घसरून पडले होते त्या दिवसाचा. तो लांबी भरून गुळगुळीत झाला होता. गुडघ्यांखालचीं झिजलेलीं रबरें गेलीं होतीं, मूळचा यिकोव्ह कार्ब्युरेटर गेला होता, आणि टाकीवरच्या हातानें ओढलेल्या सोनेरी रेघेच्या जागीं चिकटपट्टी आली होती. आम्ही फार खूष झालों. शेजारीपाजारी पाहून गेले. संध्याकाळीं आमच्या मातोश्री बाहेर आल्या, त्यांनीं टाकीवरून एकदां हात फिरविला आणि म्हणाल्या, "रंग छान आहे रे. पण ह्यांची गाडी कुठें ठेवलीस?"

त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या दिवशीं देतां आलें नाहीं. आज देतों तें असें कीं, ती आम्हीं पैसे देऊन मोडून टाकविली.

येथें कोणी तर्कशास्त्री म्हणतील कीं, हा प्रश्न फार जुना आहे. थीसियसच्या जहाजाच्या फळ्या अथेन्सचे लोक एकेक करून बदलीत गेले, तेव्हां तें तेंच जहाज कीं दुसरें, याविषयीं तत्त्वज्ञांत वाद माजल्याचें प्लुटार्क सांगतो. आमच्याकडे मिलिंदप्रश्नांत नागसेन राजा मिलिंदास विचारतो कीं, रथ म्हणजे आंस काय, चाक काय, कीं जूं काय. आणि यांपैकीं कोणतेंच रथ नव्हे, त्या सर्वांच्या जुळणीस आपण रथ हें नांव देतों, असें त्यास कबूल करावयास लावितो. मग फटफटीचा एकेक भाग बदलला तर बिघडलें कोठें? ती जुळणी तर कायमच राहते! हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे. परंतु नागसेनाचा प्रश्न नांवाविषयीं होता, आणि आमचा प्रश्न पुराव्याविषयीं आहे. नांव जुळणीस चिकटतें हें खरें. पण पुरावा वस्तूसच चिकटलेला असतो. कात्रजच्या घाटांत काय झालें हें 'जावा' या नांवास ठाऊक नाहीं, तें त्या पत्र्याला ठाऊक होतें.

हा भेद आम्हां साहित्याच्या अध्यापकांस तरी समजावयास हवा होता, कारण आमचा सारा धंदा त्यावर चालतो. ज्ञानेश्वरीची पोथी हातोहात नकलली जाऊन अशुद्ध झाली, तेव्हां एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ती शुद्ध केली. त्यांच्या हातीं काव्यशक्ति कमी होती काय? मनांत आणतें तर त्यांस ठिकठिकाणीं सुंदर ओव्या घालतां आल्या असत्या. परंतु त्यांनीं तें केलें नाहीं. उलट पुढें कोणी आपली ओवी तींत घालूं नये अशी ताकीदच देऊन ठेविली. जीर्णोद्धार म्हणजे काय हें याहून स्पष्ट कोणी सांगावयाचें? आणि पुराव्याचें मोल काय असतें हेंही त्याच ग्रंथावरून शिकतां येतें. राजवाड्यांनीं १९०९ सालीं एकनाथपूर्व म्हणून जी ज्ञानेश्वरी छापून काढिली तिच्याविषयींचे वाद अद्याप पुरते मिटले नाहींत; कारण ज्या पोथीवरून ती छापली ती पोथीच पुढें अभ्यासकांच्या हातीं राहिली नाहीं. छापील पाठ आहे, पण साक्षीदार नाहीं. वर्गांत या गोष्टी पोटतिडकीनें सांगणारा मनुष्य घरीं जाऊन बापाच्या गाडीचा मूळ पाठ भंगारांत देतो, याला काय म्हणावें?

पाश्चात्यांनींही या पापाचे चटके सोसलेले आहेत. जुन्या देवळांचे व चर्चांचे दगड खरडून त्यांस नवीं करण्याची लाट एकोणिसाव्या शतकांत युरोपांत आली, तेव्हां रस्किननें १८४९ सालीं तिच्यावर कडाडून हल्ला केला. जीर्णोद्धार म्हणून जें मिरवितात तो वस्तूचा संपूर्ण नाश आहे असें त्याचें प्रतिपादन होतें. १८७७ सालीं विल्यम मॉरिसनें जुन्या इमारतींच्या रक्षणार्थ मंडळच काढिलें. अखेर १९६४ सालच्या व्हेनिस येथील सनदेंत दोन नियम मान्य झाले. एक, जेथें अनुमान सुरू होतें तेथें जीर्णोद्धार थांबला पाहिजे. दुसरा, जो भाग नवा घालावा लागेल तो मूळाशीं मिळताजुळता असावा, परंतु नवा म्हणून ओळखूं यावा. आमच्याकडे काळ्या पाषाणाच्या देवळांना तैलरंगाचे थर चढविणारे विश्वस्त व जुन्या फटफटीवर क्रोम चढविणारे रसिक हे एकाच पंथाचे अनुयायी आहेत. दोघांचीही श्रद्धा अशी कीं, जुनें म्हणजे मळलेलें, आणि मळलेलें म्हणजे अपमानास्पद.

आतां प्रतिपक्षाच्या सर्वांत बळकट आक्षेपाकडे वळूं. तो असा कीं, फटफटी ही पोथी नव्हे आणि देऊळही नव्हे. तें चालावयाचें यंत्र आहे. फुटका पिस्टन इतिहास म्हणून तसाच ठेवावयाचा काय? हा आक्षेप खरा आहे, आणि तो आम्हीं पुस्तकांत नव्हे तर हात काळे करून सोडविला. गेलीं तीन वर्षें आम्हीं ती गाडी आमच्याच गॅरेजमध्यें पुन्हां खोलली. शिकविणारे एक वृद्ध मेकॅनिक होते. आम्ही त्यांस उस्ताद म्हणतों, ते आम्हांस सर म्हणतात, आणि दोघांपैकीं शिक्षक कोण याविषयीं आमच्या मनांत संशय नाहीं. पहिल्या दिवशीं आम्ही उत्साहानें पाना उचलला, तो त्यांनीं हातांतून काढून घेतला. "सर, घाई नको. जें खोलाल तें आधीं कागदावर काढा, मग पिशवींत घाला, आणि पिशवीवर नांव लिहा." पहिला महिना आम्ही केवळ चित्रें काढीत होतों.

मग एकेक गोष्ट कळूं लागली. टू-स्ट्रोक इंजिनांत झडपा नसतात. पिस्टनच वरखालीं होतांना सिलिंडरच्या भिंतींतील खिडक्या उघडतो व मिटतो. पेट्रोल व हवा यांचें मिश्रण प्रथम खालच्या क्रँककेसमध्यें शिरतें व तेथून दाबलें जाऊन वर जातें. म्हणून ती पेटी हवाबंद पाहिजे. क्लचकडचें ऑइलसील गेलें तर तिकडचें तेल आंत ओढलें जाऊन पांढरा धूर सुटतो. डायनॅमोकडचें गेलें तर बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होतें आणि पिस्टन तापून जाम होतो. त्या नामांकित कारखान्यानें टाकीवर लाखेसारखा रंग चढविला होता, पण दोन्ही सीलें १९६७ सालचींच ठेवलीं होतीं! म्हणजे जेथें बदलावयाचें तेथें जुनें, आणि जेथें जपावयाचें तेथें नवें. शास्त्रकार ज्याला अर्धजरतीय न्याय म्हणतात त्याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

यंत्र आपणच सांगतें कीं, माझें काय बदला. जावाच्या सिलिंडरचा व्यास झिजून वाढला म्हणजे तो कातून घेऊन थोडा मोठा पिस्टन बसवावा, यासाठीं कारखान्यानेंच पायरीपायरीनें मोठे होत जाणारे पिस्टन तयार केले होते. याचा अर्थ असा कीं, पिस्टन बदलणें हें निर्मात्याच्या योजनेंतच होतें. रिंगा, बेअरिंगें, सीलें, ब्रेकचीं अस्तरें, टायर, तारा, कॉन्टॅक्ट पॉइंट हीं सारीं झिजण्यासाठींच घडविलेलीं असतात. तीं बदलल्यानें गाडी खोटी होत नाहीं, जशी पोथीचें बासन बदलल्यानें पोथी खोटी होत नाहीं. ब्रेकच्या जुन्या अस्तरांत तर ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो; तेथें जुनेपणाचें प्रेम धरणें हा मूर्खपणा होईल, आणि ती धूळ फुंकून उडविणें हा त्याहून मोठा. परंतु टाकीचा पत्रा, मडगार्ड, दिव्याची खोळ, कार्ब्युरेटर, टूलबॉक्स, हे झिजण्यासाठीं घडविलेले नव्हते. ते टिकण्यासाठीं घडविलेले होते, आणि टिकतां टिकतां त्यांनीं जें सोसलें तें त्यांच्या अंगावर लिहिलेलें असतें. झिजणारें बदलावें, टिकणारें जपावें. हा नियम इतका साधा आहे कीं, तो समजण्यास प्राध्यापक असण्याची जरूर नाहीं, आणि आमच्या अनुभवावरून पाहतां प्राध्यापक असण्याचा उपयोगही होत नाहीं.

"पण गंज चढला असेल तर?" गंज काढावा. त्यासाठीं पत्रा खरडावा लागत नाहीं. धुण्याचा सोडा पाण्यांत विरघळवून, गंजलेला भाग बॅटरी-चार्जरच्या ऋण टोकास व लोखंडाचा एक निरुपयोगी तुकडा धन टोकास जोडून त्या पाण्यांत सोडला, म्हणजे गंज सुटून येतो व चांगलें लोखंड शाबूत राहतें. त्या वेळीं हायड्रोजन वायु निघतो, म्हणून हें काम उघड्या हवेंत करावें. आणि धन टोकास स्टेनलेस पोलाद कधींही लावूं नये, कारण त्यांतून क्रोमियमचीं विषारी संयुगें पाण्यांत उतरतात. आम्हीं बॅटरीच्या पेटीचें झांकण असें साफ केलें. कारखान्यानें त्याची बाहेरची बाजू चकचकीत केली होती, आंतल्या बाजूकडे कोणी पाहिलें नव्हतें. गंज उतरतांच तेथें खिळ्यानें कोरलेल्या तारखा दिसूं लागल्या. सायलेन्सर व सिलिंडरच्या खिडक्या यांतील काजळी वडिलांनीं कोणकोणत्या रविवारीं खरवडून काढिली त्याची ती नोंद होती. पहिली १९६८ सालची, शेवटची १९८९ सालची. एकवीस वर्षें एक शाळामास्तर रविवारीं सकाळीं अंगणांत बसून आपली गाडी आपण उघडीत होता, आणि तें आम्ही लहानपणीं पाहिलेंही होतें. पण त्याचा अर्थ आमच्या ध्यानांत आला नव्हता. आम्ही पदवी घेतली, आणि आमच्या घरांतला पाना सुटला.

येथें आम्ही आमच्या तिसऱ्या विधानापाशीं येतों. प्रतिपक्ष म्हणतो, "हें काम मेकॅनिकचें, ज्याचें काम त्यानें करावें. आपण पैसे द्यावे." पैसे अवश्य द्यावे, आणि आजच्यापेक्षां पुष्कळ अधिक द्यावे. परंतु या बोलण्याच्या पोटांत श्रमविभागाचें तत्त्व नाहीं, जुना सोंवळेपणा आहे. ज्या समाजानें शतकानुशतकें हातानें काम करणाऱ्यास खालीं व तोंडानें काम करणाऱ्यास वर बसविलें, त्याच समाजाचे आम्ही वारस आहों. फक्त आतां आम्ही त्याला 'वेळ नाहीं' असें म्हणतों. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान घालण्यांत कमीपणा मानला नाहीं. मानला असता तर १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली नसती. आम्ही त्यांचे पुतळे पाहतों, त्यांच्यावर निबंध लिहवून घेतों, आणि मुलाच्या हातास ग्रीस लागलें म्हणजे त्यास ओरडतों.

या लाजेचे परिणाम केवळ नैतिक नाहींत. ज्याला आपण हात लावीत नाहीं त्याचें आपणांस ज्ञान होत नाहीं; ज्याचें ज्ञान नाहीं त्याची पारख होत नाहीं; आणि पारख नसली म्हणजे चकाकी हीच एक कसोटी उरते. प्रदर्शनांतील परीक्षक क्रोम पाहतात, कारण क्रोम पाहण्यास कांहीं कळावें लागत नाहीं. मग मालक क्रोम मागतो, कारखाना क्रोम देतो, आणि क्रोम कोण देतो हें कोणी विचारीत नाहीं. तेंही सांगतों. लोखंडावर तांबें, त्यावर निकल, आणि त्यावर क्रोमियमचा अतिशय पातळ थर, असा तो मुलामा असतो. तो ज्या कुंडांत चढतो त्यांतील क्रोमिक आम्लाच्या वाफांनीं नाकाच्या पडद्यास भोंक पडतें, आणि वर्षानुवर्षें त्या हुंगणाऱ्यास फुप्फुसाचा कर्करोग होण्याचें भय असतें, हें वैद्यकशास्त्रानें पक्कें ठरविलें आहे. गल्लीबोळांतल्या मुलामाघरांत हातमोज्यांविना काम करणारीं पोरें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलीं आहेत. जो भाग कारखान्यानें कधींच चमकविला नव्हता तो आपल्या हौसेसाठीं चमकवितांना त्या पोराच्या नाकाचा हिशेब कोणत्या वहींत लिहावयाचा?

कोणी म्हणेल कीं, हा श्रीमंतांचा छंद आहे, त्यावर एवढी शाई कशाला? आमचें उत्तर असें कीं, तो श्रीमंतांचा झाला हीच तक्रार आहे. जी गाडी शाळामास्तरांनीं, कारकुनांनीं व दूध घालणाऱ्यांनीं चालविली, तिची किंमत या रंगसफेदीच्या व्यापारानें इतकी चढविली आहे कीं, ज्याच्या घरीं ती अद्याप उभी आहे तो ती दलालास विकून टाकतो. सरकारचा कायदा मात्र या एका बाबतींत आमच्या रसिकांहून शहाणा निघाला. २०२१ सालच्या जुलै महिन्यांत मोटारवाहनांच्या नियमांत जी दुरुस्ती झाली तिच्यान्वयें, पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षें उलटून गेलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांस 'व्हिंटेज' म्हणून वेगळा क्रमांक मिळूं लागला. त्यासाठीं नव्या नोंदणीस वीस हजार रुपये व फेरनोंदणीस पांच हजार रुपये फी ठरली. परंतु त्यांत अट अशी कीं, गाडी मूळ स्वरूपांत असली पाहिजे आणि तिच्या सांगाड्यांत, अंगांत वा इंजिनांत मोठे फेरफार झालेले नसावे. ही अट अक्षरशः लावली तर गालिच्यावरच्या किती गाड्यांस हा क्रमांक मिळेल, आणि फाटकाबाहेरच्या किती गाड्यांस मिळेल, याचा विचार परीक्षकांनीं करावा.

टीका करून स्वस्थ बसणें हा आमच्या वर्गाचा आणखी एक दोष आहे. तो टाळण्यासाठीं चार सूचना करितों. पहिली: अशा प्रदर्शनांत जशीच्या तशी जपलेल्या गाड्यांचा वर्ग वेगळा करावा, आणि पहिला मान त्या वर्गास द्यावा. दुसरी: जी गाडी खोलली असेल तिचें दप्तर गाडीशेजारीं ठेवणें सक्तीचें करावें, काय बदललें, कां बदललें, नव्याची खूण कोणती, आणि काढलेला जुना भाग कोणत्या पेटींत आहे, हें त्यांत लिहिलेलें असावें. ज्यास हें दप्तर दाखवितां येत नाहीं त्यास बक्षीस नाहीं. तिसरी: पाटीवर मालकाच्या नांवाआधीं, ज्यानें काम केलें त्याचें नांव लिहावें. पुस्तकावर छपाई करणाराचें नांव २०२४ सालापर्यंत कायद्यानें घालावें लागत असे. मग गाडीवर मेकॅनिकचें कां नसावें? चौथी सूचना प्रदर्शनवाल्यांस नसून वाचकांस आहे. ज्यांच्या घरीं अशी गाडी गोणपाटाखालीं उभी असेल, त्यांनीं ती कोणास देण्यापूर्वीं एकदां स्वतः आपल्या मुलामुलींसह पुसून पाहावी. झांकणांच्या आंतल्या बाजू विशेषेंकरून पाहाव्या.

आमच्या गाडीचें काय झालें हें सांगावयाचें राहिलें. गेलेलें परत आलें नाहीं. कात्रजचा पोंचा लांबीखालीं होता. लांबी काढल्यावर तो दिसूं लागला, आणि तो तसाच ठेविला आहे. यिकोव्ह कार्ब्युरेटर नाना पेठेंत व जुन्या बाजारांत वर्षभर शोधून दुसरा एक मिळाला. तो आमच्या गाडीचा नव्हे, म्हणून त्यावर उस्तादांनीं ठिपक्याची खूण केली आहे आणि दप्तरांत तशी नोंद आहे. सोनेरी रेघ आम्हीं ओढविली नाहीं, कारण मूळची कशी होती याचा पुरावा आमच्यापाशीं उरला नव्हता. अनुमान सुरू झालें, तेथें आम्ही थांबलों. टाकीच्या तळाशीं हातभर जागेंत कारखान्याचा तांबडा रंग वांचला होता. त्याला हात लावलेला नाहीं. बाकीच्या टाकीवर गंज धरूं नये म्हणून साधा रंग आहे, आणि तो नवा आहे हें कोणाच्याही लक्षांत येईल असाच आहे. इंजिन सुरू झालें त्या दिवशीं उस्तादांनीं फीलर गेजनें पॉइंटचें अंतर पुन्हां एकदां पाहिलें आणि पाना आमच्या हातीं दिला.

झांकणाच्या आंतल्या बाजूस, १९८९ च्या खालीं, थोडी जागा शिल्लक आहे. तेथें आम्हीं खिळ्यानें एक तारीख कोरली आहे. हा जीर्णोद्धारांत फेरफार झाला असें कोणी म्हणेल तर तो आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि त्याचीही नोंद दप्तरांत केलेली आहे.